खळ्यावरून कौन्सिलात

सुरबानाना टिपणीस महाडचे. आणि महाड म्हणजे आम्हा बिरवाडीकरांचा बाजार, कचेरी, कोर्ट, सोनार, मोठा डॉक्टर, सगळंच. तेव्हा नाना आमचेच, असं आमच्या घरात धरून चालायचे. त्यांचं पूर्ण नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, हे मला फार पुढे पुस्तकात वाचून कळलं. आज्याला ते कधी ठाऊक नव्हतं. मी एकदा वाचून दाखवलं तर म्हणाला, "आसंल. कागदावर मानसाची नावं मोठी आसतात."

आज्याला राजकारणातलं फारसं कळत नसे. म्हणजे असं तोच म्हणायचा. आम्हाला कधी ते खरं वाटलं नाही. त्याच्या बोलण्यात तीन माणसं सारखी यायची. एक सुरबानाना, दुसरे चित्रे आणि तिसरा 'चरीवाला पाटील'. या तिघांच्या गोष्टी तो इतक्या एकमेकांत कालवून सांगायचा की कोण कुठला, कुणी काय केलं, हे त्याचं त्याला तरी समजत होतं की नाही कोण जाणे. त्यात १० सप्टेंबर १९४२ ला महाडच्या कचेरीवर मोर्चा नेणारे नाना पुरोहितही मधूनच शिरायचे, कारण तेही 'नाना'च. मग गोळीबार, पळापळ, खोताचं भात, मुंबईची बोट असं सगळं एका दमात व्हायचं आणि शेवटी तो चिलीम झटकून गोठ्यात जायचा. बैलांना वैरण टाकायची वेळ झाली की त्याच्या इतिहासाला तिथंच खीळ.

हे आता सोडवून सांगायचं तर खळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

बिरवाडी काळ नदीच्या काठी. महाडपासून आठ-दहा किलोमीटर आत. पुढे वरंध घाट चढला की भोर, आणि आडबाजूला शिवथर घळीची वाट. आज कुणी बिरवाडीचं नाव घेतलं की लोकांना एमआयडीसी आठवते, रात्रीचे दिवे आठवतात, वाऱ्याबरोबर येणारा तो वास आठवतो. माझ्या आज्याच्या डोळ्यांसमोर मात्र खाली भाताची खाचरं आणि वर डोंगरउतारावरची वरकस जमीन. वरकशीत नाचणी, वरी, हरीक. खाचरात भात. आणि दोन्हींवर खोत.

खोती म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. सरकारचा सारा गोळा करून भरायची जबाबदारी खोताची, आणि त्या बदल्यात गावच्या जमिनीवर त्याचा शब्द. सरकारात भरायचं ते ठरलेलं. कुळाकडून घ्यायचं ते खोताच्या मनावर आणि कुळाच्या मानेवर. आमच्या भागात खोत वेगवेगळ्या जातींचे होते. ब्राह्मण होते, कायस्थ प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळं मात्र बहुतेक कुणबी, मराठे, महार. आमच्या घराण्याचा खोत कोण होता ते इथं लिहीत नाही. त्याची नातवंडं-पतवंडं आता मुंबईत असतात, चांगली माणसं आहेत, शिमग्याला आली की आमच्याकडे चहा घेतात.

भात निसवून दाणा भरू लागला की खोताचा कारकून अभावणीला यायचा. अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज. आज्या हे नक्कल करून दाखवायचा. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात काठी, बांधावर उभं राहून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "हं, दीड खंडी." की झालं. त्यातलं अर्धं खोताचं. वरकशीतल्या पिकाचा तिसरा हिस्सा. मग कापणीला पाऊस येवो, तुडतुडा पडो, डुकरं शिरोत, कारकुनाच्या तोंडून निघालेली दीड खंडी ती दीड खंडीच. एका वर्षी आज्याच्या बापाच्या शेतात एकूण भात निघालं एक खंडीच्या आसपास. खोताकडे पाऊण खंडी घातलं. उरलेल्यावर घर चाललं नाही हे सांगायला नको. खोताकडूनच मग पेरणीला बी उचललं, वाढीदिढीनं. आज्या म्हणायचा, "आमचंच भात, त्याच्या कनगीत जाऊन आलं की त्याला व्याज लागायचं."

याशिवाय वेठ. खोताच्या शेतात आधी नांगर, मग आपल्या. खोताचं घर आधी शाकारायचं, मग आपलं. पहिला फणस, सणाला कोंबडी, लग्नाला लाकडाच्या मोळ्या. आज्या सात-आठ वर्षांचा असल्यापासून खोताची गुरं वळायला जायचा. दिवसाला भाकरी आणि वर्षाला एक घोंगडी, असा करार. पण एक सांगतो, गुरांची विद्या त्याला तिथंच मिळाली. म्हशीच्या चालण्यावरून ती कधी विणार ते सांगायचा. बैल विकत घ्यायला लोक त्याला महाडच्या बाजाराला घेऊन जायचे, दात बघायचा, खूर उचलायचा, शेपटीखाली हात फिरवायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, "ह्यो दोन हंगाम काढील, तिसऱ्याला बसंल." माणसांचीही तो अशीच पारख करायचा. कौन्सिलात गेलेल्या माणसांबद्दल त्याचा प्रश्न एकच असे: हा कधी खळ्यावर उभा राहिलाय का?

आजीचं गणित वेगळं होतं. तिला इतिहास ताटात दिसायचा. "तांदूळ आमी लावायचा, आमी कापायचा, झोडायचा, आन् भात खायाचा गौरी-गणपतीला नि शिमग्याला." एरवी नाचणीची भाकरी, वरीच्या कण्या, कुळथाची पिठी, पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची भाजी आणि कालवणाला सुकट मिळाली तर मजा. तिच्या हाताला नाचणीची भाकरी अशी फुगायची की अजून डोळ्यांसमोर आहे. पण आम्ही मुंबईहून गेल्यावर कौतुकानं नाचणी मागितली की तिला राग यायचा. पाव्हण्यांना नाचणी? लोक काय म्हणतील? आता मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं महाग मिळतात. आजी असती तर तिनं दुकानदाराला खुळ्यात काढलं असतं.

आता सुरबानाना. १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की सरकारी खर्चानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात. हेच बोले खोतीविरुद्धही बोलत असत. त्यांचा तो ठराव बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. महाडच्या नगरपालिकेनं मात्र १९२४ च्या जानेवारीत तो आपल्या गावाला लावला, चवदार तळं सर्वांना खुलं म्हणून. सुरबानाना नगरपालिकेचे अध्यक्ष. स्वतः कायस्थ प्रभू, पांढरपेशे, ज्यांच्या जातीतही खोत होते असे. तळ्यावर लगेच कुणी गेलं नाही. कागद झाला होता, पाय उचलायचे बाकी होते.

ते उचलले १९२७ च्या मार्चमध्ये. १९ आणि २० तारखेची परिषद, दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि अनंत विनायक चित्रे यांची धावपळ, आणि २० तारखेला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. परिषदेसाठी प्यायचं पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं, तळं हाकेच्या अंतरावर असताना, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतंच असं नाही.

आमच्या घरातून त्या दिवशी कोणी गेलं नाही. हे मी आज्याला सरळ विचारलं होतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, बाजारातनं लोक पळत आले, मंदिरात शिरणार म्हणून आवई उठली होती, मारामारी झाली होती, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, कुणी उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. आमच्या गावाकडच्या महारवाड्यातली माणसं गेली होती. त्यातली काही डोकी फोडून घेऊन आली. "त्येंचा खोत तोच, आमचा खोत तोच," आज्या म्हणाला, "पन तवा ह्ये कुनाच्या ध्यानात आलं नव्हतं."

एवढं एक वाक्य त्यानं बोलून ठेवलं म्हणून मी हे सगळं लिहायचा खटाटोप करतो आहे.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपला तो ठराव फिरवला. डिसेंबरात तळ्यावर कोर्टाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. त्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. म्हणजे महाडात त्या वर्षी काहीही सरळ रेषेत होत नव्हतं. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला.

त्याच्या महिनाभर आधीच निवडणुका झाल्या होत्या. नव्या कायद्यानं मुंबई इलाख्याची असेंब्ली व्हायची होती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. या पक्षाचे बहुतेक निवडून आले ते राखीव जागांवरून, पण तिघं साध्या जागांवरून आले आणि ते तिघंही सवर्ण: रत्नागिरीतून चित्रे आणि शामराव परुळेकर, कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस. काँग्रेसची लाट असताना. तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. साऱ्याची, मालमत्तेची, शिक्षणाची अट होती. आज्याला मत नव्हतं. तरी तो शेवटपर्यंत "आमी नानांना निवडून दिला" असंच म्हणायचा, आणि आम्ही त्याला कधी टोकलं नाही.

महारांना तळं खुलं करणाऱ्या माणसाला कुणब्यांच्या जिल्ह्यानं दहा वर्षांत कौन्सिलात पाठवलं, हे घडलं कसं? मला वाटतं त्याचं उत्तर महाडात शोधून पुरत नाही, त्यासाठी अलिबागेकडे जावं लागतं, चरीला.

चरीवाला पाटील म्हणजे नारायण नागू पाटील. अलिबागेकडच्या आगरी शेतकरी समाजातला माणूस. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीला सभा झाली आणि आजूबाजूच्या पंचवीसेक गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. संप गिरणीत होतो, शेतात कसला संप? पण झाला, आणि सहा वर्षं चालला. सभेला चित्रे होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात बाबासाहेब स्वतः चरीच्या शेतकरी परिषदेला गेले. लोकांनी लाकडं तोडून विकली, कंद खणून खाल्ले, मजुरीला बाहेर गेले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही.

ही बातमी आमच्याकडे कशी आली, तर आजीच्या म्हणण्याप्रमाणे सुक्या मासळीबरोबर. खाली खाडीकडून मासळी घेऊन येणाऱ्या बाया बाजारात बसायच्या, त्यांच्याकडून कळलं. तिचं त्यावरचं म्हणणं तिच्याच तोंडी सोडतो: "सहा वरसं शेत पडीक? बाय गं माझी. त्येंच्या बायांनी चुलीवर काय ठेवलं आसंल?" तिला संपाच्या मागण्या कधी कळल्या नाहीत, पण संप कुणाच्या जिवावर चालला हे तिला बरोबर कळलं होतं. पुस्तकांत मला हा प्रश्न फारसा दिसला नाही.

१९३७ मध्ये नारायण नागूंनी 'कृषीवल' काढलं. शेतकऱ्याच्या पोरानं स्वतःचं वर्तमानपत्र काढावं आणि त्यातून सरकारला जाब विचारावा, हे त्या काळात छोटं नव्हतं. त्यांच्या घरातून पुढे प्रभाकर पाटील, दत्ता पाटील, मीनाक्षीताई, जयंत पाटील असे राजकारणातले लोक निघाले. हे घराणं कुणाला आवडतं, कुणाला नाही. आमच्या महाड-पोलादपूरकडे त्यांचा लाल बावटा फारसा चालला नाही. पण कुळाच्या प्रश्नाला छापील अक्षर दिलं ते त्यांनी, हे मानायला हवं.

आणि मग आला तो प्रसंग, ज्याच्याबद्दल आज्या सगळ्यात जास्त बोलायचा आणि ज्याचं सगळ्यात कमी त्यानं स्वतः पाहिलं होतं.

१७ सप्टेंबर १९३७ ला असेंब्लीच्या पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. खोताला नुकसानभरपाई द्यावी आणि जो कसतो त्याचं नाव सरकारदरबारी लावावं, असा त्याचा गाभा. त्या बिलामागे सुरबानाना, चित्रे, परुळेकर ही मंडळी होती. समोर काँग्रेसचं मंत्रिमंडळ, बाळासाहेब खेर मुख्य प्रधान, महसूल मोरारजी देसाईंकडे. आणि खोतांचं वजन कौन्सिलात आजचं नव्हतं. १८९९ मध्ये सरकारनं खोतीच्या कायद्यात हात घालायचा विचार केला तेव्हा लोकमान्य टिळकांसारख्यानंही खोतांचीच बाजू उचलली होती. ते स्वतः खोत घराण्यातले. ज्याच्याकडे वकील, ज्याला इंग्रजी अर्ज लिहिता येतो, ज्याचा मामेभाऊ कचेरीत, त्याचं ऐकलं जातं. कुळाकडे यातलं काय होतं? पाय होते.

म्हणून १० जानेवारी १९३८ ला मुंबईत मोर्चा निघाला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून वीस-पंचवीस हजार शेतकरी आले. आमच्या वाडीतून आज्याचा चुलता आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण गेले, असं घरात सांगतात. किती जण, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. महाडला पायी, तिथून दासगाव बंदर, दासगावाहून सावित्रीच्या पाण्यातून खाली बाणकोट आणि मग मुंबईची बोट. बरोबर काय घेतलं, याची मात्र आजीकडे पक्की यादी होती: तांदळाची भाकरी (मोर्चाला जायचं म्हणून त्या दिवशी नाचणी नाही!), भाजलेली सुकट, लसणीची चटणी, आमसुलं आणि एक गाठोडं पोहे. "कौन्सिलात काय खायाला देतील, सांगता येतं का?"

बोटीत निम्म्यांना मळमळलं. मुंबईत उतरल्यावर परळच्या गावकीच्या खोलीत मुक्काम. आमच्या भागातली माणसं गिरण्यांत होतीच. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंचवीस-तीस, त्यात हे आणखी. पण त्या रात्री म्हणे कुणी झोपलंच नाही. गिरणीतले लोक गावाकडच्या पावसाची चौकशी करत राहिले आणि गावाकडचे गिरणीतल्या संपाची. दुसऱ्या दिवशी मैदानाकडे चालत निघाले तेव्हा चुलता आपल्या शेजाऱ्याशी बोलू लागला. बोलता बोलता कळलं, तो महारवाड्यातला, आमच्याच पलीकडच्या गावचा, आणि त्याचा खोत आमचाच. दोघांनी एका गाठोड्यातले पोहे खाल्ले. हे खरं असेल का? आज्या हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. मला वाटतं खरं असावं, आणि नसलं तरी आमच्या घराला ते खरं असावंसं वाटलं, हेही कमी नाही.

मोर्चाच्या वतीनं शिष्टमंडळ खेरांना भेटलं. बाबासाहेब, परुळेकर, इंदुलाल याज्ञिक अशी मंडळी त्यात होती. ते कौन्सिल हॉल म्हणजे आज जिथे पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे, ती रीगलजवळची दगडी इमारत. चुलत्यानं ती लांबूनच पाहिली. परत आल्यावर गावात लोकांनी विचारलं, कौन्सिल कसं असतं? त्यानं सांगितलं, "आपल्या खोताच्या वाड्यावानी, फकस्त लय मोठं."

बिल काही झालं नाही. मंत्रिमंडळानं विचार करतो म्हटलं, १९३९ मध्ये कुळांना थोडं संरक्षण देणारा कायदा केला, चरीचा संप त्याच सुमारास मिटला, आणि त्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळच राजीनामा देऊन घरी गेलं. खोती रद्द करण्याचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. तो अंमलात आला १९५० मध्ये, तेरा वर्षं उशिरा आणि ज्यांनी आधी मांडला त्यांच्या हातून नव्हे. मोरारजींच्या खात्यातून १९४८ चा कूळकायदा आला, त्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला: त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत असेल, तो मालक झाला असं धरायचं.

आमच्याच तालुक्यातल्या नात्याला जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५२ ला कुलाब्यातून खासदार झाले तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडलं. आज्याला त्यांच्याबद्दल फार आदर. पण तो म्हणायचा, "ते लय हुशार. नोटेवर सही व्हती त्येंची. पन माझा सातबारा काय त्येंच्या सहीनं झाला न्हाय." रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराच्या सहीबद्दल त्याला कुणी सांगितलं असावं. आज्याच्या तोंडी अशी काही काही वाक्यं होती की आम्ही सगळे गप्प व्हायचो.

सातबारा झाला तो महाडच्या कचेरीत, कूळकायद्यातल्या ३२ ग कलमाच्या सुनावणीत. हा भाग माझ्या ऐकण्यातला पक्का आहे, कारण माझा बाप तेव्हा आज्याबरोबर गेला होता, लहान होता. बाहेर झाडाखाली कुळं बसलेली, प्रत्येकाच्या फडक्यात पावत्या. ज्याच्याकडे पावती, ज्याचं नाव तलाठ्याच्या दप्तरात कूळ म्हणून लागलेलं, तो तरला. आज्याकडे पावत्या होत्या, कारण त्याच्या आईनं त्या छपराच्या वाशाला बांधून ठेवल्या होत्या. एक उंदरानं कुरतडलेली. अधिकाऱ्यानं ती उजेडाला धरून वाचली, पुन्हा वाचली, आणि लिहून घेतली. किंमत ठरली. कायद्यानं ती साऱ्याच्या वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत ठरवता यायची, आणि बारा वार्षिक हप्त्यांपर्यंत फेडायची मुभा. आज्यानं हप्ते भरले. एका वर्षी त्यासाठी बैल विकला, ज्याचं नाव तो मरेपर्यंत घेत असे. हप्ते संपल्यावर ३२ म चा, म्हणजे खरेदीचा, दाखला आला. आजीनं तो पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला.

पण सगळ्यांचं असं झालं नाही, आणि आमच्या घरातल्या गोष्टी सांगताना हे लपवायचं कारण नाही. ज्यांचं कूळ म्हणून नाव लागलंच नव्हतं, तोंडी करारावर पिढ्यान् पिढ्या कसत होते, त्यांना काहीही मिळालं नाही. त्यात महारवाड्यातली घरं जास्त. पोह्यांच्या गाठोड्यातला तो शेजारी, त्याच्या घराला जमीन मिळाली का? मी आज्याला विचारलं. "त्याची पोरं मुंबईला गेली," एवढंच तो म्हणाला, आणि उठला. आणि उलट बाजूही होती. एका खोताची बालविधवा सून आमच्याच आळीत राहायची. तिनं कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं, आणि पुढं तिच्याकडे खायला नव्हतं. आजी तिला भाताची पाटी देऊन यायची, संध्याकाळी, कुणी बघणार नाही अशा वेळी.

सुरबानानांचं नंतर काय झालं, हे आज्याच्या गोष्टींत नाही. त्याच्या लेखी ते कौन्सिलात गेले, त्यांनी भांडण मांडलं, आणि ते कायम भांडतच आहेत. पण मला आता असं वाटतं की त्यांची खरी कामगिरी कुठलं बिल पास करण्यात नव्हतीच. पांढरपेशा घरातला माणूस आधी तळ्यासाठी आणि मग खळ्यासाठी उभा राहिला, आणि ही दोन भांडणं एकच आहेत हे त्याला आमच्या वडीलधाऱ्यांच्या आधी दिसलं. एकाच खोताची कुळं एकमेकांच्या अंगणात जात नव्हती. ती एका मोर्चात आली. आज्याच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस खळ्यावर उभा राहिला होता.

आता आमचे लोकप्रतिनिधी येतात ते गाड्यांच्या रांगेत. निवेदन द्यायचं असेल तर आधी फोटोवाला बोलवावा लागतो. नदीकाठावर मेलेले मासे घेऊन लोक त्यांच्याकडे गेले, २०१६ ला सावित्रीचा पूल वाहून गेला तेव्हा गेले, २०२१ ला तळिये डोंगराखाली गाडलं गेलं तेव्हाही गेले. भेटी झाल्या, निवेदनं घेतली गेली. आज्याच्या नावावर हप्त्यानं झालेल्या जमिनींपैकी काही पुढच्या पिढीत एमआयडीसीला गेल्या, तेव्हाही निवेदनं झाली. त्या बाबतीत मी आमच्या घरच्यांनाही सोडणार नाही: पैसे हातात पडल्यावर कुणाला वरकशीची आठवण राहिली?

आजी शेवटपर्यंत जिल्ह्याला कुलाबाच म्हणायची. १९८१ ला नाव बदलून रायगड झालं, हे तिला आवडलं होतं, पण जीभ वळत नव्हती.

वाचकहो, एक मागणं आहे. महाड, पोलादपूर, माणगाव, रोहा, पेण, मंडणगड या बाजूच्या ज्या घरांतून १९३८ च्या जानेवारीत कुणी मुंबईला मोर्चाला गेलं असेल, त्यांनी त्या माणसाचं नाव, गाव आणि कुठल्या बंदरातून बोट धरली ते एका कागदावर लिहून ठेवावं. ज्यांना हे ऐकीव माहीत आहे तेही आता म्हातारे झाले असतील. पेटीत ३२ म चा दाखला असेल तर तोही काढून बघावा. त्यावर जमिनीची किंमत किती आणि कुणाच्या नावे लागली ते लिहिलेलं असतं. आमच्या दाखल्यावर आज्याचं नाव आहे. आजीचं नाही.